लोखंडाचे चणे

जानेवारी अर्धा सरला की कालव्याचे दरवाजे मिटतात,
शेवटचं जहाज निघून जातं,
आणि टू हार्बर्सच्या गोदीवर आम्ही थोडेसेच उरतो,
घसरणींना ग्रीस लावायला, बोल्ट मोजायला,
बर्फ खरवडायला.
सरोवर पांढरं. सुट्टी नाही, पण हातांना उसंत.
याच दिवसांत मी ठरवलं, नवी फ्रेम घ्यायची.
पोलादाची. एका गियरची. डोंगरातल्या वाटांसाठी.

सिग्ने फोनवर हसली. "आई, बावन्नाव्या वर्षी?
अगं कार्बन घे, बारा गियर घे. गुडघे काय म्हणतात?"
गुडघे म्हणत काही नाहीत, कुरकुरतात फक्त,
तेही दोघे एका सुरात नाही.

ऑरिन माकीचं गॅरेज जंगलाच्या कडेला.
लाकडाची शेगडी, पितळ वितळवणारा निळा जाळ,
भिंतीवर तीन फ्रेम खुंट्यांना टांगलेल्या,
खाटकाकडे टांगतात तशा, असं तोच म्हणाला.
मी नखानं एकेकीची नळी वाजवून पाहिली,
मडकं घेताना वाजवावं तशी.

पहिली हलकी. इतकी, की उचलताना हात
उगाच वर गेला, नसलेल्या पायरीवर पाय पडावा तसा.
नळी मध्ये पातळ, टोकांना जाड,
आवाज काचेच्या पेल्याचा.
"दगडावर आपटलीस तर पोचा येईल,"
ऑरिन म्हणाला. विकायची घाई त्याला कधीच नसते.

दुसरीच्या पोटात, पेडलांच्या मधोमध,
केंद्र सोडून फिरणारं एक कडं.
ते वळवलं की साखळी ताणली जाते.
देखणी युक्ती. पण चिखल खाल्ला की कुरकुरते,
आणि कुरकुरणारे दोन माझ्याकडे आधीच आहेत.

तिसरी जुन्या घडणीची, चारशे ग्रॅम जड,
मागच्या चाकाला आडव्या खाचा, बस्स.
चाक मागं ओढायचं, नट आवळायचे.
एक पाना. हातमोजे न काढता.

एका गियरला साखळीवाचून दुसरं आहेच कोण?
सैल पडली तर उडते, फार ताणली तर गुरगुरते.
मध्ये अर्ध्या इंचाची जागा असते,
बोटानं दाबून कळते, सांगून कळत नाही.
लग्नात मला ती सापडली नव्हती.

"पोलाद गंजतं हं," गोदीवरचा आर्वो म्हणाला.
गंजाबद्दल मला सांगतोय!
एकोणतीस वर्षं अंघोळीचं पाणी तांबडं वाहताना पाहिलंय.
खाणीवरून गाड्या भरभरून येतात गोट्या,
हरभऱ्याएवढ्या, करड्या,
खरेखुरे लोखंडाचे चणे.
खिशात सापडतात, बुटात सापडतात,
एकदा तर केकच्या पिठात सापडला.
जहाजाच्या पोटात त्या धडधडत ओतायच्या
आणि पाठ फिरवायची.
पुढं कुठल्या भट्टीत गेल्या, कशाचं काय झालं,
कोणी कळवत नाही.

म्हणून ऑरिनला विचारलं, ही नळी कुठची?
त्यानं खांदे उडवले. "तैवान. त्याआधी देव जाणे."
मला वाटलं होतं तो म्हणेल, इथलीच, तुझ्याच हातची.
नाही म्हणाला तेच बरं.
भलत्याच कारणासाठी घेतली असती.

तिसरी घेतली.
रंग विचारला. म्हटलं, जो डबा उघडा असेल तो.
उघडा होता शाळेच्या बसचा पिवळा.

मार्चअखेर पहिल्या जहाजाचा भोंगा वाजला तेव्हा
मी चढावर होते, काळ्या स्प्रूसांखाली,
वितळत्या चिखलात, उभी राहून पेडल मारत.
सोपं करून देणारं काही अंगठ्याशी नव्हतं.
अंगठा तरी चाचपत होता, सवयीनं.

मग उतरले. थोडी ढकलत नेली.
माथ्यावर नळीवर नख मारून पाहिलं,
मोज्यातून आवाज आला नाही.
शिफ्टला वीस मिनिटं होती,
आणि खाली, धक्क्यावर,
आर्वो माझ्या वाटचं ग्रीस लावत असणार, शिव्या देत.